हाडांपर्यंतची वाट

गोव्यात माणूस गेल्याची खबर वाड्यावर पोचली की दोन प्रश्न लगोलग विचारले जातात. बाहेरून कोण यायचं आहे? आणि दिवस पावसाचे असले तर, सुकी लाकडं कुठे मिळतील? पहिला प्रश्न हिंदू आणि ख्रिस्ती दोघांच्याही ओसरीवर सारखाच असतो. मुसलमानांच्या घरी तो फारसा चालत नाही, तिथे दफन शक्यतो त्याच दिवशी उरकतात. दुसरा प्रश्न एकट्या हिंदूंचा. तिसरा एक प्रश्न कोणी उघड विचारत नाही, पण सगळे विधी मला तरी त्याच्याभोवतीच विणलेले दिसतात: या देहाची हाडं कधी आणि कशी होणार?

मांसाला घाई असते, हाडांना नसते. म्हणून जगातल्या कितीतरी समाजांनी मरणाचे विधी दोनदा केले. एकदा देहाचे, घाईने. मग हाडांचे, सवडीने. मादागास्करच्या डोंगराळ भागात काही वर्षांनी पूर्वजांना थडग्याबाहेर काढतात, नव्या वस्त्रात गुंडाळतात आणि वाजतगाजत परत ठेवतात. आपल्याकडे इतका गाजावाजा नाही, पण वाट तीच. ती काटायला आगीला तीन-चार तास पुरतात, मातीला तीन-चार वर्षं लागतात.

आधी आगीचं बघू. सरणाला लाकूड किती, याचं ठरीव उत्तर ३०० किलो. कोरड्या दिवसांत, बेताच्या अंगाच्या माणसाला, नीट रचलं तर तेवढं पुरतं. जुलैत ४०० ते ५०० किलो धरून चालावं. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण सरण बिघडवतो तो वरून पडणारा पाऊस नाही. तो शेडीचे पत्रे अडवतात. बिघाड होतो लाकडाच्या पोटातल्या पाण्याने. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. आगीची सगळी ताकद ते पाणी वाफ करून हाकलण्यात खर्ची पडते. धूर डोळे फोडतो आणि ज्वाळा काही उठत नाही. जाणते लोक म्हणून मार्च-एप्रिलातच ओंडके फोडून शेडीत रचून ठेवतात. फोडून, हे महत्त्वाचं. सालीसकट ठेवलेला अख्खा ओंडका वर्ष उलटलं तरी आतून ओलाच राहतो. आंबा आणि काजू ही इथली नेहमीची लाकडं. आंबा सरळ फुटतो. काजू वेडावाकडा, गाठाळ, रचताना जीव खातो.

रचणाऱ्याचं कसब तळात दिसतं. खाली मांडीएवढ्या जाडीचे दोन-तीन ओंडके, त्यांच्यात वीतभर अंतर. हे अंतर बुजलं की सरण गुदमरलं, कारण हवा तिथूनच शिरते. वर आडवा थर, फटींतून नारळाची सोडणं आणि करवंट्या. करवंटी कडक जळते आणि आच धरून ठेवते, म्हणून ती मधल्या भागात, कमरेखाली. धडात आणि कमरेत पाणी सगळ्यांत जास्त, तिथेच जळायला वेळ लागतो. देह ठेवल्यावर वरचा थर देताना वजनदार ओंडके छातीवर आणि मांड्यांवर येतील असं बघतात. उष्णतेने स्नायू आखडतात, हातपाय दुमडतात, कधी धड उचलल्यासारखं वाटतं. ज्याला हे ठाऊक नसतं तो घाबरतो. मसणातल्या भुतांच्या निम्म्या गोष्टी तिथेच जन्मल्या असाव्यात.

रॉकेल किंवा डिझेल ओतण्याचा मोह सगळ्यांना होतो. ते वरच्यावर भडकतं, पाच मिनिटांत संपतं, आणि आतलं लाकूड थंडच राहतं. त्यापेक्षा राळ, कापूर, तूप आणि सुकी चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, बरी, तीही तळाशी, फटीत खोचलेली. मंत्राचा अग्नी एका ठिकाणी देतात. नंतर जळतं चुडत घेऊन चारही कोपरे पेटवावे लागतात, नाहीतर एक बाजू जळून सरण कलंडतं. आणखी एक गोष्ट रडारडीत हमखास विसरली जाते. छातीत पेसमेकर असेल तर तो आधी डॉक्टरांकडून काढून घ्यायला हवा. आगीत त्याची बॅटरी फुटते. उघड्या सरणात आवाज होऊन दचकायला होतं, विद्युत किंवा गॅसदाहिनीत भट्टीचं नुकसान होतं.

कवटी फुटल्याचा आवाज झाला की मंडळी घरची वाट धरतात. सरणाला अजून दोन तास तरी हवे असतात, पावसात जास्तच. बांबू घेऊन मागे थांबणारा आणि बाजूला सरकलेलं आत लोटणारा माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. विधी सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते सगळ्या प्रकारात खरं काम या माणसाचं.

तिसऱ्या दिवशी अस्थिसंचय. राखेवर दूध-पाणी शिंपडायचं ते ती निवली आहे याची खात्री करून. आत धग असताना पाणी ओतलं की हाडं तडकतात आणि वेचायला चुराच हाती येतो. नीट जळलेलं हाड पांढरं किंवा करडं दिसतं आणि बोटांत चुरतं. काळं राहिलं असेल तर आच कमी पडली असं समजावं. मोठ्या माणसाचं सगळं मिळून दोन-तीन किलो भरतं. वेचायचं पायांकडून डोक्याकडे. जपानातही असंच वेचतात, पायांकडून वर, जेणेकरून मडक्यात माणूस उलटा बसू नये. तिथे नातलग लांब काड्यांनी हाडं उचलतात, आणि एकच हाड दोघं मिळून उचलतात किंवा एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देतात. म्हणूनच जेवताना काडीवरून काडीवर घास देणं जपानी घरात अशुभ. सगळ्यात शेवटी मानेचा दुसरा मणका उचलतात. ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखा त्याचा आकार असतो, म्हणून त्याला गळ्यातला बुद्ध म्हणतात.

विसर्जनाला गोव्यातले लोक गोकर्णाला जातात, साखळीजवळ हरवळ्याला रुद्रेश्वराच्या पायथ्याशी जातात, कोणी नाशिकला, कोणी जवळच्या नदीत. समुद्रात किंवा खाडीच्या तोंडाशी सोडायच्या असतील तर पंचांगाबरोबर भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघावं. ओहोटी नुकती लागलेली असावी. चढत्या पाण्यात सोडलेली राख घटकाभरात वाळूवर परत येते, आणि ती पायाशी आलेली बघणं कुणालाच सोसत नाही.

आता मातीचं. ख्रिस्ती गावात इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा विशिष्ट तऱ्हेने वाजली की लोक समजतात. कोंफ्रारियाचे, म्हणजे इगर्जीच्या भक्तमंडळाचे, सभासद ओपा हा झगा आणि वर मुर्सा ही खांद्यावरची आखूड झूल चढवून क्रूसामागे चालतात, मीस (प्रार्थनाविधी) होतं, आणि देह सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, जातो. फोंड, म्हणजे कबरेचा खड्डा, साधारण साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, पाच फूट खोल. फोंड घराण्याची नसेल तर ती कायमची मिळत नाही. जागा थोडी, माणसं बरीच, त्यामुळे तीनेक वर्षांनी ती उघडायची, हाडं उचलायची आणि पुढच्याला जागा द्यायची. मुदत आणि फी गावागावात निराळी, ती त्या त्या इगर्जीची फाब्रिका, म्हणजे कारभारी मंडळ, ठरवते. ग्रीसच्या शहरांतही कबर तीन वर्षांच्या कराराने मिळते. मुदत भरली की घरच्या बायका हाडं वाइनने धुतात.

पण तीन वर्षांत हाडं होतीलच याची हमी माती देत नाही. पठारावरच्या तांबड्या जांभ्या मातीत पाणी झिरपून जातं, हवा खेळते, काम वेळेत होतं. खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या जमिनीच्या, काठची किंवा भाताच्या पाणथळीलगतची सिमितेर असेल तर जून लागताच फोंडीत खालून पाणी चढतं. पेटी तरंगायला बघते. पाण्यात बुडालेल्या, हवा न मिळणाऱ्या देहातली चरबी कुजत नाही. तिचा साबणासारखा पांढुरका, मेणट थर होतो, आणि तो थर आतलं सगळं वर्षानुवर्षं जपून ठेवतो. फोंड उघडणाऱ्याला कुदळीच्या पहिल्या स्पर्शातच ते कळतं. तो गुपचूप माती परत लोटतो आणि कुटुंबाला अजून दोन वर्षं थांबायला सांगतो.

दुसरा घोटाळा आपणच पेटीत घालतो. शेवटची हौस म्हणून पॉलिस्टरचा सूट, नायलॉनचे मोजे, खाली फोमची गादी, आत प्लास्टिकचं अस्तर, बाहेरून चकचकीत पॉलिश. तीन वर्षांनी माणूस सरलेला असतो आणि सूट जसाच्या तसा. नायलॉनच्या मोज्याला तर काहीच झालेलं नसतं. तो उचलला की आत पावलाची सगळी सुटी हाडं, एका पायाची सव्वीस, पिशवीतल्या गोट्यांसारखी वाजतात. साध्या फळ्यांचा, अस्तर नसलेला कायशांव, म्हणजे शवपेटी, आणि सुती कपडे, एवढंच मातीला हवं असतं. म्हापशा-मडगावच्या दुकानांत झालर लावलेल्या पेट्या ओळीने उभ्या दिसतात, लहान मुलांसाठी पांढऱ्या. झालरीचा उपयोग दोन तासांचा, उपद्रव कैक वर्षांचा.

तिसरा घोटाळा परदेशातून येतो. गोव्याचं निम्मं मन बोटीवर, आखातात नाहीतर इंग्लंडात असतं. इथे कोणी गेलं तर तिकडच्यांसाठी देह शवागारात थांबतो, आणि तिकडे कोणी गेलं तर देह विमानाच्या मालकक्षातून येतो. त्याला मृत्यूचा दाखला, शवलेपनाचा दाखला, भारतीय वकिलातीचं ना-हरकतपत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट लागतो. यातला एक कागद कमी पडला तरी चार दिवस गेले म्हणून समजा. बहुतेकदा देह फॉर्मॅलिन टोचून, जस्ताच्या पत्र्याने आतून बंद केलेल्या पेटीत येतो. तीच पेटी तशीच पुरली तर माती आत शिरतच नाही. पत्रा कापून मोकळा करावा लागतो, आणि ते सुचवायचं कोणी, हा अवघड भाग. इंडोनेशियातले तोराजा लोक तर नातलग जमेपर्यंत आणि खर्चाची जुळणी होईपर्यंत देह महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं घरातच ठेवतात. तोवर तो मेला असं म्हणत नाहीत, आजारी आहे म्हणतात. शवागारात चार दिवस झाले की आपल्या बोलण्यातही तसाच काळ येतो: ‘बाबांना उद्या आणायचं आहे.’

मुसलमानांच्या दफनात पेटी नसल्याने यातलं बरंच टळतं. स्नान विषम वेळा, शेवटच्या पाण्यात कापूर, पुरुषाला कफनाची तीन वस्त्रं, बाईला पाच. कबर कशी खणायची हे मातीवर सोडलेलं आहे. जमीन घट्ट असेल तर तळाशी किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या, बाजूला भिंतीत कोनाडा कोरतात, तो लहद. जांभ्यात असा कोनाडा सुरेख उभा राहतो. किनाऱ्यालगतच्या वाळूत तो ढासळतो, म्हणून तिथे मधोमध चर काढून वर फळ्या किंवा फरशा टाकतात, तो शक. गोव्यातून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. देह उजव्या कुशीवर, तोंड तिकडे.

पूर्वी ख्रिस्ती देह इगर्जीच्या आतच पुरत. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या इगर्जीत चालताना पायाखाली घराण्यांची चिन्हं कोरलेल्या कबरीच्या शिळाच येतात. पोर्तुगालने १८३५ मध्ये गावोगाव सार्वजनिक दफनभूमी करायचा कायदा काढला, तेव्हा तिकडच्याच लोकांना तो इतका झोंबला की १८४६ मध्ये मिन्यू प्रांतातल्या बायका उठल्या. मारिया दा फोंत या नावाने तो उठाव ओळखला जातो. कर हे एक कारण होतं, आपल्या माणसाला देवळाबाहेर पुरायचं हे दुसरं.

हाडं व्हायला ज्याने साफ नकार दिला असा देह गोव्यात एकच, आणि सगळा गोवा त्याच्या नावाने ओळखला जातो. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. पेटीत चुना भरला होता तो भक्तीने नाही, हिशोबाने: मांस लवकर जावं आणि हाडं जहाजातून नेता यावीत. १५५३ च्या फेब्रुवारीत उघडलं तर देह शाबूत. मलाक्काला पुन्हा पुरला, पुन्हा काढला, १५५४ मध्ये गोव्याला आणला. चुन्याने देह लवकर संपतो हा समज आजही पक्का आहे. प्रत्यक्षात चुना ओल शोषतो, देहावर कवच धरतो आणि कुजणं लांबवतो. श्रद्धावंताला या माहितीने काही फरक पडत नाही, पडायचं कारणही नाही. उजव्या हाताचा पुढचा भाग सतराव्या शतकात रोमला गेला. बाकीचा देह जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या इगर्जीत चांदीच्या पेटीत, खाली टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने धाडलेला संगमरवरी चौथरा. दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात. अलीकडचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं.

बाकीच्यांना पेटी लागते ती जेमतेम दीड फुटाची. सिमितेरीच्या भिंतीत कोनाडे असतात, हाडं त्यात ठेवतात. पेटीची लांबी कवटीवरून ठरत नाही, मांडीच्या हाडावरून ठरते. देहातलं सर्वांत लांब हाड तेच. ते आडवं बसलं की माणूस बसला. कोनाडा न घेणाऱ्यांची हाडं सामायिक खड्ड्यात जातात. २ नोव्हेंबरला, म्हणजे अल्मांच्या (मृतात्म्यांच्या) दिवशी, सगळी सिमितेर साफ होते. पावसात माजलेलं गवत काढतात, क्रूसांना चुना लावतात, फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. सामायिक खड्ड्यापाशीही मेणबत्त्या कमी नसतात.

आणि हाडंच मिळाली नाहीत तर? गोव्यासारख्या दर्यावर्दी मुलखात हा प्रश्न जुना आहे. जुन्या गोव्याच्या पुराणवस्तू संग्रहालयात कदंबकाळातले वीरगळ आहेत, त्यांत काहींवर चक्क जहाजं कोरलेली. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापाशी हात जोडून बसलेला तोच वीर. समुद्रात पडलेल्याचं ना सरण ना फोंड. दगड हाच देह. शास्त्रात यावर पालाशविधी आहे. दर्भाचा माणूस करून पळसाची ३६० पानं अवयवांच्या हिशोबाने त्यावर लावायची आणि त्याला अग्नी द्यायचा. ३६० हा आकडा कुठून आला? चरकाने माणसाची हाडं ३६० मोजली आहेत. पुतळ्यालाही हाडं मोजून दिली जातात. कायद्याचा हिशोब निराळा. बेपत्ता तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, सात वर्षं कुणालाच कळला नाही तर तो मेला असं गृहीत धरता येतं, आणि मग कुठे दाखला, पेन्शन, वाटणी.

हाडांची सोय लागली की उरतं जेवण. दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा न शिवण्याची कारणं बहुधा साधी असतात: माणसं फार जवळ उभी राहतात, वर घार फिरत असते, किंवा पावसाला भिऊन पिंड पागोळ्यांच्या आत ठेवलेला असतो आणि कावळा छपराखाली शिरत नाही. वीसेक पावलं मागे सरावं, उघड्यावर ठेवावं. अर्धा तास गेला तरी नाहीच आला तर दर्भाचा कावळा शिववतात. मृताची इच्छा राहिली असं म्हणत कानकोंडं होणारे मुलगे बघितले की वाटतं, ही सोय ज्याने काढली तो शहाणा होता. भाद्रपदात म्हाळ. खीर, वडे, भाज्या, आणि पहिलं पान बाहेर.

इन्क्विझिशनने, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाने, १७३६ च्या फर्मानात बाटलेल्या लोकांच्या बारीकसारीक चाली हेरून बंद करायला घेतल्या. माणूस गेला ती जागा शेणाने सारवण्यावरही बंदी आली. सारवण गेलं. जेवण काही गेलं नाही, त्याने वेष बदलला. ख्रिस्ती घरात लग्नाच्या आधी भिकाऱ्यांचें जेवण घालतात, घराण्यातल्या मेलेल्यांच्या नावाने. हिंदू घरात लग्नाच्या आधी नांदीश्राद्ध करतात, त्याच मेलेल्यांसाठी. एकाच मूळपुरुषाची दोन घरं शेजारी असतील आणि दोघांकडे एकाच मोसमात लग्न निघालं, तर एका पडवीत दर्भ आणि पळी-पंचपात्र मांडलेलं दिसतं, दुसऱ्या पडवीत जमिनीवर पानांची रांग असते. वाढायला यजमान स्वतः वाकतो. रांग उठेपर्यंत घरातलं कोणी जेवायला बसत नाही.